शेपटीतला एक ग्रॅम

ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक मामा नाशिकला राहत. त्यांचा भाचा इंजिनिअरिंगला होता. त्याच्या आत्याने अमेरिकेहून येताना त्याच्यासाठी सेस्ना १७० विमानाच्या मॉडेलचं किट आणलं, पंखांचा पसारा २४ इंच. गिलोज ही मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफिल्डची कंपनी १९२६ पासून मॉडेल विमानं काढते, त्यांचंच हे किट. खोक्यात बाल्साच्या पातळ पाट्या, टिश्यू कागद, प्लॅन आणि रबर. रबराला पीळ भरायचा आणि विमान हातातून सोडायचं. पुढचं सगळं त्याचं ते बघतं.

भाच्याला ते रिमोटवर उडवायचं होतं. पडलं तर मोडू नये म्हणून त्याने जिथे एक काडी होती तिथे दोन लावल्या आणि सांधे इपॉक्सीने भरले. तारा ओढत बसायला नकोत म्हणून दोन्ही सर्व्हो, म्हणजे शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, थेट शेपटीत बसवले. त्यामुळे शेपूट जड झाली, तेव्हा नाकात शिसं भरलं. मग विमान उचलेना, म्हणून मोठी मोटर आणली. मोटरला करंट पुरेना, म्हणून मोठी बॅटरी घातली. दर वेळी अडचण खरी होती आणि उपायही लागू पडत होता. म्हणून तर आपलं काही चुकतंय असं त्याला एकदाही वाटलं नाही.

सिन्नरच्या माळावर विमान मोटरच्या जोरावर सरळ वर गेलं. वर पोचल्यावर त्याने मोटर कमी केली तशी एक बाजू खाली गेली. त्याने रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, एकदा इकडे मारला, एकदा तिकडे, आणि विमान मुरमात नाक खुपसून पडलं.

मामा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी सोनारांकडे असतो तसा छोटा काटा टेबलावर मांडला आणि मोडक्या विमानातली एकेक वस्तू त्यावर ठेवायला सांगितली. एकूण १२४ ग्रॅम भरले.

"शेपटीत सर्व्हो किती ग्रॅमचे?"

"तीन-तीन. सहा."

"आणि नाकात शिसं?"

"अठरा."

तोल सांभाळायचा तो पंखापाशी. या विमानात शेपूट तिथून जितकी लांब, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नाक. त्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे तीन वाढवावे लागतात. सहा ग्रॅमच्या आळसापायी चोवीस ग्रॅमचं ओझं झालं होतं, आणि मोठी मोटर-बॅटरी त्याच ओझ्यासाठी. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुठल्याही एका टप्प्यावर तो दिसत नाही. काट्यावर सगळं एकत्र मांडलं की मगच दिसतो.

"आता रेडिओवर उडवायचं नाव काढायचं नाही," मामा म्हणाले. "हातातून सोडल्यावर नुसतं तरंगत जाईल असं विमान कर. नंतर बघू."

पावसाळा त्यात गेला. बाल्सा सगळा सारखा नसतो. एकाच मापाच्या दोन पाट्यांत एक दुसरीच्या दुप्पट भरू शकते. जड पाट्या बाजूला ठेवून भाच्याने हलक्या मागवल्या आणि प्लॅनवरून सगळे भाग पुन्हा कापले. टिश्यूवर पाण्याचा बारीक फवारा मारला की तो सुकताना ताणून बसतो, आणि त्या ताणाने ओला पंख पिळवटतो. म्हणून पंख पाटावर टाचण्यांनी दाबून रात्रभर तसाच ठेवायचा. सर्व्हो पंखाखाली आले, तिथून शेपटीपर्यंत बारीक तारा गेल्या.

एलेरॉनसाठी, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांसाठी, पंख सपाट करायचाही त्याचा विचार होता. मामांनी नको म्हटलं. रबरावर मोकळं उडणाऱ्या विमानाचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात, आणि ते विनाकारण नसतं. विमान एका बाजूला घसरलं की खालचा पंख जास्त उचल घेतो आणि त्याला सरळ करतो. वळायचं असेल तर रडर पुरतो. नाक वळलं की बाहेरचा पंख आपोआप वर येतो आणि विमान कलतं.

दसऱ्याच्या सुमारास माळावर गुडघाभर गवत होतं. मोटर बंद ठेवून मामांनी विमान हलकेच सोडायला लावलं. नाक वर काढून मग धपकन पडलं, म्हणजे शेपूट जड. बॅटरी जराशी पुढे सरकवायची. नंतर सरळ खाली शिरलं; थोडी मागे. असं करत करत ते गवतावरून सपाट तरंगत जाऊन टेकायला लागलं. मग मोटरीखाली वॉशर घालून तिचा रोख किंचित खाली आणि उजवीकडे वळवला, म्हणजे जोर दिल्यावर नाक उधळायला नको. आता सगळं मिळून वजन होतं ६६ ग्रॅम.

सकाळी वारा पडलेला असताना विमान वर गेलं. भाच्याचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर इतके घट्ट होते की नखं पांढरी पडली.

"सोड," मामा म्हणाले.

"पडेल."

"सोडून बघ."

त्याने अंगठे उचलले. एका झुळुकीने पंख कलला, आपला आपण सरळ झाला, आणि विमान पुढे जात राहिलं. वारा त्याला बाभळींकडे लोटायला लागला तेव्हा त्याने रडर तेवढ्यापुरता दिला आणि परत सोडला. अर्धी बॅटरी शिल्लक असताना त्याने विमान गवतात उतरवलं. घरी गेल्यावर जुनी मोठी मोटर खोक्यात घालून कॉलेजच्या क्लबला देऊन टाकली.