सेवेकऱ्याचे दार

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकात दरवर्षी जाणकार मंडळी लिहितात. मी जाणकार नव्हे. बी.कॉम. होऊन बत्तीस वर्षे बँकेत क्लार्क म्हणून काम केले, जमा आणि नावे यापलीकडे फारसे शास्त्र कळत नाही. पण श्रीगुरुचरित्राचा सप्ताह मी वर्षानुवर्षे करतो. त्या पोथीने मला एका प्रसंगात जे शिकवले, ते महाराजांच्या चरणी ठेवतो.

2016 साली आमच्या सौ.ना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी पुण्याला, तिचा संसार तिच्या मागे. बार्शीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. घास नीट बसवून भरवा, नाहीतर ठसका लागेल. रोज हातापायांचा व्यायाम घ्या. मी हिशेबी माणूस. मनात मांडणी केली, तर दहा ते सहा बँकेत बसून यातले काहीच होत नव्हते.

बँकेच्या 1995 च्या पेन्शन नियमांत वीस वर्षे सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. मी अर्ज दिला. साडेतीन वर्षे नोकरी बाकी होती. तेवढा पगार गेला, पेन्शनही कमी बसली. पण त्याहून जड गेले ते लोकांचे बोलणे. "अहो, बाई ठेवा की कामाला. हे काय पुरुषमाणसाचं काम आहे?" मलाही आतून तसेच वाटत होते, खोटे कशाला बोलू?

त्या वर्षी मार्गशीर्षात नेमाप्रमाणे सप्ताहाला बसलो. तिसऱ्या दिवशी एकोणतिसावा अध्याय संपतो आणि चौथ्या दिवशी तिसाव्यापासून वाचन सुरू होते, हे पारायण करणाऱ्यांना ठाऊकच आहे. तिसावा अध्याय माहूरच्या सावित्रीचा. गोपीनाथांचा मुलगा दत्त क्षयाने खंगत गेला. तरुण बायकोने स्वतःचे खाणेपिणे, ल्यायचे सगळे सोडले. नवऱ्याला जे पथ्य तेच आपल्याला, त्याला जे औषध तेच आपणही घ्यायचे. सासूसासऱ्यांची परवानगी काढून ती त्याला घेऊन गाणगापूरला निघाली.

मी हे वाचत होतो आणि आतल्या खोलीतून सौ.चा आवाज आला. शब्द नाही, नुसता हुंकार. अंथरूण ओले झाले होते. वाचनाच्या मध्ये आसन सोडायचे नाही, सोवळे मोडायचे नाही, हा नियम. मी दोन ओव्या पुढे वाचल्या. पुन्हा हुंकार. आणि एकदम लक्षात आले, की मी सावित्रीच्या सेवेची पोथी वाचतोय आणि माझ्याच घरात एक माणूस ओल्यात पडलेय. उठलो. तिला स्वच्छ केले, कपडे बदलले, स्नान करून परत आलो, तर पुन्हा बसायचा धीर होईना. इतक्या वर्षांचा नेम मोडला असे वाटले.

संध्याकाळी आपल्या मंदिराच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "पुंडलिकाने आईबापाचे पाय दाबताना प्रत्यक्ष विठ्ठलाला विटेवर थांबवलं. पोथी थांबली तर काय बिघडलं? चौरंग वहिनींच्या खाटेपाशी मांडा." राहिलेले पारायण मी तिथेच बसून पूर्ण केले. ती ऐकत होती. पोथीच्या रुमालाचे टोक तिने डाव्या हातात धरून ठेवले होते.

सावित्रीची कथा आपण आजवर बायकांना ऐकवली. एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे आचरण सांगितले आहे, तेही सुनांनाच वाचून दाखवले. माझे नम्र म्हणणे असे, की ती पोथी ज्या काळी लिहिली गेली त्या काळी पुरुष घरात शुश्रूषा करील असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पण लग्नात 'नातिचरामि' हा शब्द नवरदेवाच्या तोंडी घातलाय, नवरीच्या नाही. मी तुला ओलांडून जाणार नाही, हे वचन आपण पुरुषांनी अग्नीच्या साक्षीने दिलेय. पत्नीला अर्धांगिनी म्हणायचे आणि तिला अर्धांगवायू झाला की बाई ठेवायची, हा हिशेब जुळत नाही.

सावित्रीसारखा वागलेला पुरुषही आपल्याला ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितले. त्या म्हणाल्या, तुम्हाला तरी सोडता येईल का? गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडले. त्यांची सगळी मते कुणाला पटोत न पटोत, पण पत्नीचे पथ्य ते आपले पथ्य, हे तिसाव्या अध्यायाचेच आचरण झाले. आणि आपल्या तालुक्यातले डोमगाव कशासाठी प्रसिद्ध आहे? सीनाकाठी समाधिस्थ असलेले कल्याणस्वामी समर्थांसाठी पाण्याचे हंडे वाहून नेत, म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो. सेवा करणे पुरुषाला कमीपणाचे असते, तर ती समाधी आपण पूजली असती का?

आता माझी चूकही सांगतो. सेवा करतो म्हणून मी मोठा झालो नाही. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना तोंडातून गेले, "किती छळशील?" तिने डोळे मिटून घेतले. वाचा गेलेल्या माणसाला उलट उत्तरसुद्धा देता येत नाही. त्या रात्री मी ओट्यावर बसून रडलो. पाच महिन्यांत सलग चार तास झोप नव्हती, धड बोलायला माणूस नव्हते. लोक येत, पेशंटची चौकशी करून, चहा पिऊन जात.

दोन दिवसांनी शेजारच्या मावशी आल्या. त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारले, "भाऊ, तुम्ही जेवलाव का?" मग म्हणाल्या, "आज गुरुवार हाय. आरतीला जाऊन या, मी बसते वहिनीपाशी." तेव्हापासून दर गुरुवारी त्या दोन तास बसतात. ते दोन तास नसते, तर माझ्या तोंडातून आणखी काय काय गेले असते, महाराज जाणोत.

यावरून मार्कंडेय पुराणातली दत्तजन्माची कथा आठवते. तिन्ही देव अतिथी होऊन आले, ही गुरुचरित्रातली कथा आपल्या तोंडपाठ आहे. मार्कंडेय पुराणात ती वेगळी आहे. कौशिक नावाच्या ब्राह्मणाला कुष्ठ झाले. त्याची बायको त्याचे सगळे करी, त्याला खांद्यावर घेऊन जाई. एका रात्री अंधारात त्याचा पाय सुळावर असलेल्या मांडव्य ऋषींना लागला. त्यांनी शाप दिला, सूर्य उगवताच हा मरेल. ती म्हणाली, मग सूर्य उगवणारच नाही. जगात अंधार झाला. देव अनसूयामातेकडे गेले आणि अनसूया त्या बाईच्या घरी गेली. तिने आधी तिची विचारपूस केली, मग धीर दिला. सूर्य उगवला. कौशिक मरून पडला आणि अनसूयेच्या तपाने निरोगी होऊन उठला. देव प्रसन्न झाले तेव्हा अनसूयेने ब्रह्मा, विष्णू, महेश आपल्या पोटी यावेत हा वर मागितला.

म्हणजे ज्या जन्माचा पाळणा आपण पौर्णिमेच्या संध्याकाळी हलवतो, त्याच्या मुळाशी काय आहे? थकलेल्या सेवेकऱ्याच्या दारात गेलेली एक माउली.

माझ्या घरी चमत्कार झाला नाही. सौ. आजही काठी धरून मोरीपर्यंतच जातात, तीन-चार शब्द बोलतात. आमचे दिवस मात्र बरे चालले आहेत. मी निवृत्ती घेतली याचा एकही दिवस पश्चात्ताप झाला नाही. पण एकट्याने हे झाले नसते.

म्हणून एवढीच विनंती. यंदा जन्मोत्सव झाला की सुंठवडा आणि प्रसाद घेऊन आपापल्या गल्लीतल्या अशा एका घरी जा. खाटेवरच्या माणसाला प्रसाद द्या आणि खाटेशेजारच्या माणसाला विचारा, "तुम्ही जेवलात का?" जमले तर दोन तास बसा आणि त्याला आरतीला पाठवा. ज्यांच्या घरी अशी सेवा चालू आहे त्यांनीही संकोच न करता हाक मारावी. मदत मागितल्याने सेवा कमी होत नाही.

चुकले असेल ते पदरात घ्यावे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥