जिभेचे दावे आणि जिभेचा कासरा

गेल्या कापणीच्या सणास आम्ही एका खेड्यातील मंडळीत गेलो होतो. उपासना आटोपल्यावर तेथील तरुण उपदेशक बंधू आमच्याजवळ येऊन बसले व म्हणाले, "पाळकसाहेब, एक शंका आहे. राज्यघटना म्हणते, बोलण्याची मोकळीक आहे. याकोबाचे पत्र म्हणते, जीभ आवरा. मग मी चावडीवर बोलावे की गप्प बसावे?" त्या वेळी गाडीची वेळ झाल्यामुळे आम्ही त्यांस दोन शब्दांत काहीसे उत्तर दिले, परंतु ते अपुरे होते हे आमचे आम्हांस वाटेतच कळून चुकले. असाच प्रश्न आणखीही पुष्कळ बंधुभगिनींच्या मनात असेल, यास्तव त्याचा येथे विचार करितो.

प्रथम कायद्याविषयी. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास भाषणाचे व विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ज्यांच्या आजापणजांस चावडीची पायरी चढण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांस हा हक्क केवढा मोलाचा आहे हे निराळे सांगावयास नको. तो हक्क म्हणजे देवाची देणगी असे समजून आपण त्याबद्दल उपकार मानावे.

परंतु त्याच अनुच्छेदात पुढे असेही आहे की, दुसऱ्याची मानहानी, असभ्यपणा, गुन्ह्यास चिथावणी अशा काही कारणांकरिता या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आणि मानहानीच्या फौजदारी कायद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६० सालच्या दंडसंहितेत ती होती, आणि २०२४ सालापासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. एखाद्याची अब्रू जाईल असे आपण बोललो, आणि "मी बोललो ते खरे आहे" अशी सबब सांगितली, तर तेवढ्याने सुटका होत नाही. ते बोलणे लोकहिताकरिता होते हेही दाखवावे लागते. म्हणजे सरकारचा कायदाही केवळ "खरे काय?" एवढेच विचारीत नाही, "हे कोणाच्या भल्याकरिता बोललास?" असेही विचारतो.

तथापि कायद्याचे काम कुंपणाचे आहे. कुंपणाच्या आत काय पेरावे हे तो सांगत नाही. ते आपणांस पवित्र शास्त्रातून शिकावे लागते. गलतीकरांस लिहिताना पौलाने स्वातंत्र्य व प्रीतीची सेवा ही दोन्ही एकाच वाक्यात जोडून ठेविली आहेत. आपणांस मोकळे केले आहे, ते एकमेकांची चाकरी करण्याकरिता. जिभेचे स्वातंत्र्यही याहून निराळे नाही.

आता प्रेषितांचे उदाहरण पाहू. पेत्र व योहान यांस न्यायसभेपुढे उभे करून, येशूच्या नावाने बोलू नका अशी ताकीद देण्यात आली. त्यांनी नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले की, जे आम्ही पाहिले व ऐकले ते न बोलणे आम्हांस शक्य नाही. हा वृत्तांत प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. यावर आम्ही पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत, आणि दिलेही आहेत. परंतु त्यातील दोन गोष्टी आपल्या नजरेतून निसटतात. एक ही की, प्रेषितांनी मागितलेली मोकळीक स्वतः पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींपुरती होती. कोणीतरी कोणास सांगितलेल्या वार्तेकरिता ती नव्हती. दुसरी ही की, ते अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोलले, पाठीमागे नव्हे. आणि हाच पेत्र थोड्याच आठवड्यांपूर्वी प्रमुख याजकाच्या अंगणात एका दासीच्या प्रश्नास भ्याला होता. तेथे त्याच्या जिभेस कोणी बंदी केली नव्हती. भयानेच ती बांधली होती.

आपल्याच प्रांतातील एक वृत्तांत या विषयास फार जुळतो. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. रोग्यांचा शोध घेण्याकरिता सरकारने गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या घेवविल्या. देवघरात व माजघरात परके पुरुष शिरू लागले, स्त्रियांची अप्रतिष्ठा होऊ लागली, अशा तक्रारी लोकांत पुष्कळ होत्या. त्या काळी सरकाराविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. त्याच वर्षी केसरीतील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली.

अशा वेळी पंडिता रमाबाई यांनी बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून, प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही असा उघड आरोप केला. पुष्कळ मुली त्यांच्या आश्रयास होत्या, आणि त्यांची चिंता त्यांस होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झालेला. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे म्हणविणारे होते, आणि त्यांच्या कामास मदत करणारे पुष्कळ लोक परदेशी होते. गप्प राहण्यास याहून सोईचे कारण कोणते हवे होते? परंतु त्या गप्प राहिल्या नाहीत. गव्हर्नरसाहेबांनी त्यांचे म्हणणे नाकारले, तरी आपल्या नावानिशी बोलण्याचा धोका त्यांनी पत्करिला.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची. ते तेव्हा एका कमिशनापुढे साक्ष देण्याकरिता इंग्लंडात गेले होते. पुण्याच्या स्नेह्यांकडून त्यांस पत्रे आली, आणि त्या आधारावर, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला, असे त्यांनी तेथील वृत्तपत्रात जाहीर केले. त्यामुळे मोठी खळबळ उडाली. जुलैअखेर मुंबईस परत आल्यावर त्यांनी पुरावा शोधिला. परंतु ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे येईनात, आणि आरोप सिद्ध करण्याजोगे काही हाती लागेना. तेव्हा गोखल्यांनी त्या मित्रांची नावे उघड केली नाहीत. सर्व दोष आपल्या शिरावर घेतला, आरोप मागे घेतला व जाहीरपणे क्षमा मागितली. त्याबद्दल त्यांस आपल्याच लोकांकडून भित्रा म्हणून हिणवून घ्यावे लागले. त्यांचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

झडत्यांच्या काळात पुण्यातील घराघरांत काय काय घडले याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. लोकांच्या सर्वच तक्रारी खोट्या होत्या असे तर मुळीच म्हणत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, मुक्यांकरिता तोंड उघडणे हे जसे धैर्य आहे, तसे जे सिद्ध करिता येत नाही ते मागे घेणे हेही धैर्यच आहे. गोखले ख्रिस्ती नव्हते. तरी आम्हां ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला एक तरी शब्द असा, चारचौघांत, मागे घेतला आहे? पुढे १९०५ साली तेच काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्या क्षमायाचनेने त्यांच्या शब्दाचे वजन बुडाले नाही.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. आमचे असे निरीक्षण आहे की, आपली जीभ बहुधा उलटी चालते. पाण्याच्या टँकरपाशी गावातील एखादा वजनदार मनुष्य आपली पिंपे आधी भरून घेतो आणि विधवेची घागर रिकामी राहते, तेथे आपण म्हणतो, "आपल्याला काय करायचे आहे? जीभ आवरावी असे शास्त्र सांगते." आणि तीच विधवा उपासनेस आली नाही, तर तिच्याविषयी ओट्यावर बसून हवे ते बोलावयास मात्र आपणांस पूर्ण स्वातंत्र्य असते. जेथे बोलावयाचे तेथे आपण याकोबाचा आधार घेतो, आणि जेथे गप्प बसावयाचे तेथे राज्यघटनेचा.

हे दुसऱ्यांस बोल लावण्याकरिता आम्ही लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका मंडळीत सणाच्या दानाचे धान्य सांभाळण्याचे काम एका विधवा भगिनीकडे होते. चार पायल्या ज्वारी कमी भरली, अशी कुजबुज उठली. एका घरी चहा घेत असता ती आमच्या कानी आली. आम्ही तिच्याकडे जाऊन विचारावयास हवे होते; निदान बोलणाऱ्यास तेथेच थांबवावयास हवे होते. आम्ही काय केले? मान हालविली आणि म्हणालो, "देव सर्व पाहतो." तेवढ्यावरून, पाळकसाहेबांचाही संशय आहे, असे गावभर झाले.

दोन महिन्यांनी हिशेब तपासला तेव्हा उलगडा झाला. ती ज्वारी पंचांनीच एका आजारी कुटुंबास देवविली होती, आणि वहीत लिहावयाची राहिली होती. तोवर त्या बाईने मंदिरात येणे सोडले होते. आम्ही तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिले व थोड्या वेळाने म्हणाली, "जे बोलले त्यांचा मला राग नाही, पाळकसाहेब. तुम्ही बोलला नाहीत, त्याचे वाईट वाटते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी उपदेशापूर्वी आम्ही उभे राहून, ज्वारीचा हिशेब कसा आहे आणि यात आमचा दोष काय, हे सर्वांसमक्ष सांगितले. पुढे काही दिवसांनी ती भगिनी येऊ लागली. परंतु धान्याची किल्ली तिने पुन्हा हाती घेतली नाही, आणि आम्हीही तिला आग्रह करू शकलो नाही. क्षमा मिळाली तरी काही नुकसान भरून येत नाही, हे आम्ही तेव्हा शिकलो.

यावरून उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडील जनांस आमची काही सूचना आहे. ती नवी नाही. आपल्या प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घालून दिलेलाच तो क्रम आहे. कोणाविषयी काही कानी आले तर पहिली वाट त्याच्याच घराची धरावी, आणि एकट्याने जावे. तेथे काम झाले नाही तर एकदोघे बरोबर घ्यावे. मंडळीपुढे गोष्ट आणावयाची ती शेवटी. आपण बहुधा हा क्रम शेवटापासून सुरू करितो, आणि ज्याचे नाव निघाले त्यास सर्वांच्या मागून कळते. हल्ली तर हातातील फोनमुळे एका बोटाने ती कुजबुज पंचवीस गावांस पोहोचते. दुसऱ्याने लिहिलेले पुढे धाडणे म्हणजे आपण बोलणे नव्हे, असे पुष्कळांस वाटते. परंतु नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष मना केली आहे. ती साक्ष आपण रचली की केवळ वाहून नेली, यावरून शेजाऱ्याच्या दुःखात फरक पडत नाही.

आणि बोलून चुकलो तर काय? जेथे बोललो तेथेच, आणि ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात, ते मागे घ्यावे. चावडीवर केलेल्या आरोपाची क्षमा स्वयंपाकघरात मागून पुरत नाही.

परंतु जीभ आवरणे एवढाच धर्म नव्हे. नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायात एका राजास त्याच्या आईने शिकविले आहे की, ज्यांस बोलता येत नाही त्यांच्याकरिता तू तोंड उघड, आणि दीनदुबळ्यांचा न्याय कर. ग्रामसभेत रेशनचा, पाण्याचा, मजुरीचा प्रश्न निघतो तेव्हा जो ख्रिस्ती मनुष्य सर्व ठाऊक असून भिंतीकडे पाहत बसतो, त्याने आपल्या गप्प बसण्यास सौम्यता म्हणू नये. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले, आपल्या नावाने, शिवीगाळ न करिता, ज्याचे त्याच्या तोंडावर सांगावे. त्यात धोका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच अशा बंधूस एकटे पाठवू नये. मंडळीतील दोघाचौघांनी त्याच्या बाजूस जाऊन बसावे.

आता त्या तरुण बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. याकोबाने घोड्याच्या लगामाचा दाखला दिला आहे. आपण शेतकरी, आपण बैलाचा घेऊ. बैलास दोन दोर असतात. दाव्याने तो गोठ्यात खुंट्यास बांधला जातो, आणि कासऱ्याने तो शेतात चालविला जातो. दावे लावलेला बैल कोणाचे पीक तुडवीत नाही हे खरे, परंतु त्याच्याने एक तासही नांगरून होत नाही. आणि कासऱ्यावाचून सोडलेला बैल शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरतो. याकोब जिभेस दावे लावा म्हणत नाही. तो कासरा हाती धरावयास सांगतो. ज्याला काम करावयाचे आहे त्यालाच कासऱ्याची गरज असते.

यास्तव, बंधो, चावडीवर अवश्य बोला. परंतु घरून निघण्यापूर्वी क्षणभर गुडघे टेकून स्वतःस विचारा: हे मी पाहिले आहे काय? ज्याच्याविषयी बोलणार त्याच्या देखत बोलू शकेन काय? यात भले कोणाचे, माझ्या रागाचे की माझ्या शेजाऱ्याचे? आणि ज्या दिवशी गप्प राहावेसे वाटेल त्या दिवशीही तितकेच विचारा: हे मौन प्रीतीचे आहे, की भयाचे? प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल असे प्रभूने सांगितले आहे. आमची अशी समजूत झाली आहे की, न बोललेल्या काही शब्दांचाही हिशेब त्या दिवशी मागितला जाईल, आणि त्यात "देव सर्व पाहतो" एवढे म्हणून आम्ही जेथून उठलो, ते चहाचे घरही असेल.