दत्तक : दिलेले मूल, घेतलेले मूल



आपल्या मंडळ्यांच्या पत्रकांतून व मासिकांतून ‘कौटुंबिक वार्ता’ या मथळ्याचे एक सदर असते. अग्रलेख मागाहून वाचला जातो, परंतु हे सदर आपण प्रथम उघडतो. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोण विवाहबद्ध झाले, कोण प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, हे सारे तेथे कळते. या सदरात ‘अमुक दांपत्याने मूल दत्तक घेतले’ अशी वार्ता आपण किती वेळा वाचली आहे, हे जरा आठवून पाहा. दत्तक मुले आपल्या घरांत येत नाहीत असे नाही. ती येतात, पण जन्माची वार्ता पेढ्यांबरोबर येते आणि दत्तकाची वार्ता कानात सांगितली जाते. असे का व्हावे, हा प्रश्न आज आपणापुढे ठेवावयाचा आहे.

प्रश्न आमच्या घरचाच आहे. शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त मी व माझी पत्नी काही वर्षे वाराणसीत राहत आहोत. येथील वार्ता तशा नेहमीच्याच आहेत. पत्नीचा गुडघा उन्हाळ्यात बरा असतो, थंडीत कुरकुरतो. गलतीकरांस पत्राचा पहिला खर्डा तपासून झाला आहे. मोठी वार्ता नाशिकहून आली आहे. आमची मुलगी व जावई मूल दत्तक घेण्याच्या तयारीत आहेत. त्यांची नोंदणी झाली. सोशल वर्कर बाई घरी येऊन होम स्टडीचे काम आटोपून गेल्या. मिळकत किती, आजार कोणते, दोघांचे भांडण झाले म्हणजे आधी कोण बोलते, इथपर्यंत चौकशी झाली. जावयांनी गॅलरीला जाळी बसवून घेतली आहे. आता वाट पाहणे एवढेच हाती आहे, आणि ती मोठी आहे. देशात वर्षाकाठी कायदेशीर दत्तकविधाने सुमारे चार हजार होतात, तर नोंदणी करून थांबलेली दांपत्ये तीस हजारांहून अधिक आहेत.

या वार्तेवर आमच्या विहीणबाईंनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या. पहिली : “मूल आणा, आनंदच आहे, पण चारचौघांत सांगायचे कशाला? त्या लेकरालाही कळायला नको.” दुसरी : “कोणाचे रक्त असेल, देव जाणे.” बाई प्रेमळ आहेत. संकटात शेजाऱ्यापाजाऱ्यांची लेकरे त्यांनी जेवू घातली आहेत. म्हणून त्यांचे प्रश्न हसून सोडून देण्यासारखे नाहीत. जे अनेक जण मनात ठेवतात, ते त्या बोलून दाखवतात इतकेच.

ज्या नगरात मी राहतो, त्या नगराने या विषयावर तीनचारशे वर्षांपूर्वी सूक्ष्म चर्चा केली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ‘दत्तकमीमांसा’ हा ग्रंथ नंदपंडितांनी काशीतच लिहिला. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. पुढे इंग्रजी न्यायालयांनी हे ग्रंथ प्रमाण मानले आणि ‘दत्तकमीमांसे’चे इंग्रजी भाषांतर १८२१ साली प्रसिद्ध झाले. मुलगी दत्तक घेता येते काय, यावर या दोन पंडितांचे मत जुळत नाही. दशरथाची शांता लोमपादास व शूराची पृथा कुंतिभोजास दिली गेली, हे दाखले देऊन नंदपंडित ‘येते’ म्हणतात. नीलकंठभट्टांना ते मान्य नाही. मतभेद असला तरी दोघांच्या विचाराचे मूळ एकच आहे. घराण्याला पुत्र हवा, पितरांना पिंड मिळावा, वंशाचे नाव चालावे, यासाठी दत्तक. शिवाय मूल देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्यांचा. म्हणून ज्याला देणारे कोणी उरलेच नाही, अशा अनाथ मुलाला सामान्यतः दत्तक घेता येत नसे. ज्याला घराची गरज सर्वांत अधिक, तोच बाहेर राहत असे. येथे कोणाच्या श्रद्धेला उणे लेखण्याचा हेतू नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या शास्त्राला द्यावयाचे होते, तो घराण्याचा प्रश्न होता. मुलाचा प्रश्न तेव्हा विचारला गेलेला नव्हता.

याच काशीत दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीआप्पा यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, नात्यातील पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. डलहौसीच्या सरकारने १८५४ साली ठरविले की, खासगी मालमत्तेपुरता तो पुत्र खरा, पण गादीपुरता नाही. या प्रकरणाची ग्रंथांतील पाने गादी, तहनामे व पत्रव्यवहार यांनी भरलेली आहेत. पाच वर्षांच्या मुलाचे नाव एका रात्रीत बदलले, त्याविषयी तेथे फारसे काही नाही. सरकारला राज्य हवे होते, दरबाराला वारस हवा होता. मूल मात्र दोघांच्याही हिशोबात एक साधन होते. दामोदरराव पुढे इंदुरास राहिले आणि १९०६ साली वारले.

महाराष्ट्रात याच्या अगदी निराळे उदाहरण घडले, याचे आपण स्मरण केले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याची जात, त्याचा पिता, त्याचे ‘रक्त’ यांची चर्चा गावाने केली. फुले दांपत्याने त्याला शिकवून डॉक्टर केले. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा यशवंतचा हक्क भाऊबंदांनी नाकारला आणि सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८९७ च्या प्लेगात त्याच यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत असता त्या वारल्या. रक्ताने कोण कोणाचे असते, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपण ख्रिस्ती लोकांनी दुष्काळात व साथींत अनाथ मुलांना आसरा दिला, याचा आपणास योग्य तो आनंद आहे. पण आसरा व दत्तक यांत अंतर आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपणास लागू नव्हता. आपल्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा एवढाच मार्ग होता. त्या कायद्याने मूल ‘पाल्य’ होई, अपत्य होत नसे. ते सज्ञान झाले की कायद्याचे नातेही संपे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा व्हावा म्हणून १९७२ व १९८० साली संसदेत विधेयके आली, पण कायदा झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००० साली एका ख्रिस्ती दांपत्याचा दत्तक घेण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्याने व २००६ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०१५ च्या कायद्याप्रमाणे दत्तक मूल पोटच्या मुलासारखेच सर्व हक्कांसह त्या घरचे होते.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आपल्या घरांतील कित्येक मुले प्रेमाने वाढली आणि हक्काविना राहिली. ‘पाळलेला’, ‘पाळलेली’ हे शब्द आपल्या बोलण्यात अजून आहेत. पाळलेली मुलगी देवळात शेजारी बसते, पण घरात पाहुणे आले की चहा तिनेच करावयाचा असतो. वाटणीच्या वेळी तिचे नाव निघत नाही. अशा घरांत प्रेम नसते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या प्रेमाला हक्काची जोड नाही, ते देणाऱ्याच्या मर्जीवर उभे असते, आणि मर्जीवर जगणारे मूल आयुष्यभर उपकार फेडीत राहते. मूल दत्तक घेणाऱ्याला आपण म्हणतो, “फार पुण्याचे काम केलेत.” हे शब्द त्या मुलाच्या कानांवर पडले तर त्याला काय कळते? आपण या घरात लेकरू नसून दानधर्माची वस्तू आहोत, हेच.

येथे भाषांतरकाराचा एक अनुभव सांगतो. पौलाच्या पत्रांत ‘ह्युओथेसिया’ हा ग्रीक शब्द पाच वेळा येतो : रोमकरांस पत्रात तीनदा, गलतीकरांस व इफिसकरांस एकेकदा. आपण तो ‘दत्तकपण’ असा वाचतो. ग्रीक शब्दाचा अवयवार्थ ‘पुत्र म्हणून स्थापणे’ असा आहे. आपला ‘दत्तक’ म्हणजे ‘दिलेला’. ग्रीक शब्द मुलाला मिळालेल्या स्थानाकडे पाहतो, आपला शब्द देणाऱ्याच्या हाताकडे. मोशेच्या नियमशास्त्रात दत्तकविधानाचा कायदा नाही. पौलाच्या वाचकांपुढे रोमी व्यवहार होता. ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये तिबिर्याला दत्तक घेतले तेव्हा तिबिर्य ४४ वर्षांचा होता. तेथे दयेचा प्रश्नच नव्हता. नाव, अधिकार व वतन देण्याचा होता. म्हणून पौलाच्या शब्दात कीव नाही, वारसा आहे.

पण पौल त्या व्यवहारापुढे एक पाऊल जातो. ऑगस्टसला वारस हवा होता, काशीच्या शास्त्रालाही तोच हवा होता. पौल ज्या पित्याविषयी लिहितो, त्याला पुत्र आहेच. उणीव भरून काढण्यासाठी तो कोणाला दत्तक घेत नाही; आणि प्रथम जन्मलेला पुत्र नव्यांना भावंडे म्हणवून घेतो, वतनात सहभागी करतो. यातून एक नैतिक निष्कर्ष निघतो असे मला वाटते. दत्तक हे ‘नसलेल्याची भरपाई’ म्हणून पाहिले की ती वार्ता दबक्या आवाजात सांगावीशी वाटते, कारण तीत आपण स्वतःची एक कमतरता कबूल करतो. मुलाला घर मिळाले या अर्थाने पाहिले की दबण्याजोगे त्यात काही उरत नाही.

विहीणबाईंचा पहिला प्रश्न अजून शिल्लक आहे : मुलाला सांगावे काय? सांगावे, आणि त्याला कळू लागताच, साध्या शब्दांत सांगावे. लपविलेली गोष्ट एक दिवस बाहेरून कळते. तेव्हा मुलाला दुःख होते ते दत्तक असल्याचे नव्हे, इतकी वर्षे घरच्यांनी खरे न सांगितल्याचे. ‘दत्तक’ या शब्दातील तो देणारा हातही पुसून टाकण्याचा आपणास अधिकार नाही. आजच्या कायद्याप्रमाणे मूल समर्पण करणाऱ्या मातेला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत एखादी स्त्री काय सोसत असेल! तिला ‘टाकून गेली’ म्हणणे सोपे आहे. मोशेला फारोच्या कन्येने पुत्र मानले. पण त्याला टोपलीत ठेवणाऱ्या आईला आणि दूर उभे राहून पाहणाऱ्या बहिणीला निर्गमाच्या लेखकाने वगळले नाही. दोन आयांची गोष्ट सांगितल्याने मोशे कोणाचाही कमी झाला नाही.

रक्ताच्या प्रश्नाला मत्तयानेच उत्तर देऊन ठेवले आहे. त्याची वंशावळी योसेफापर्यंत येते, आणि ज्या बालकाशी योसेफाचे रक्ताचे नाते नव्हते, त्याला नाव ठेवून तो आपले म्हणतो. दाविदाचे घराणे त्या नाव ठेवण्यातून पुढे जाते. दररोज सुतारकामास बसणाऱ्या त्या मनुष्याने बापपण केले, म्हणून तो बाप ठरला.

तेव्हा, वाचकहो, एक विनंती आहे. आपल्या मंडळीत कोणी मूल दत्तक घेतले तर त्याची वार्ता, त्या आईबापांची संमती असल्यास, जन्माच्या वार्तेशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. भेटीस जाताना टोपडे घेऊन जावे, सांत्वनाचे शब्द नेऊ नयेत. ‘रंग कसा आहे’ हे विचारू नये. आणि ज्यांच्या घरी पोटची मुले आहेत, त्यांनी मोठ्या वयाच्या किंवा अपंग मुलांचा विचार करावा. लहान व निरोगी बाळासाठी रांग आहे. सात-आठ वर्षांच्या, अथवा चालता न येणाऱ्या मुलासाठी ती फार तोकडी आहे. ती मुले संस्थेच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे पाहतात, आणि पाहुणे बहुधा पाळण्याकडे जातात.