समाजआरतीची शांतता

माझा नातू नागपुरात वकिली शिकतो. मागच्या एकादशीला फराळाच्या वेळी म्हणाला, "आजोबा, माणसाचा जीव, मिळकत आणि दिलेला शब्द राखला की सरकारचे काम संपले. बाकी कोणी कोणाला बांधील नाही." त्याला वाटले मी रागावेन. मला शरद जोशी आठवले.

विदर्भातल्या जुन्या माणसांना हे नवे नाही. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी आली. पेरायचा आपण, वेचायचा आपण, पण विकायचा सरकारी खरेदीलाच. स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेऊन विकला तर गुन्हा. जोशींनी शेतकऱ्याला भीक मागू नको, घामाचे दाम माग, असे शिकवले. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, तोही सरकारने बाजारातून हात काढावा याच विचाराने. एवढ्यापुरते नातवाचे म्हणणे मला मान्य आहे.

पण बांधील नाही म्हणजे काय? वारीला जा असे कोणता कायदा सांगतो? माळ घालताना कोणी सही घेत नाही, तरी वारी आणि एकादशी आपण स्वतःवर बांधून घेतो. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि एवढ्या मोठ्या समाजाचा गजर थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिचे ऐकून घेतात, मग आरती. वाटेवर बंदोबस्त आणि पाण्याचे टँकर सरकारचेच असतात, ते नाकारू नये. पण ती शांतता पोलीस आणत नाहीत.

इथे थांबलो असतो तर निरूपण गोड झाले असते. पण चाळीसेक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाला गेलो होतो. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून एका घराला वाळीत टाकले होते. त्या गृहस्थाने मला जेवायला बोलावले. पंच म्हणाले, महाराज तिकडे गेले तर काला होणार नाही. मी गेलो नाही. काल्याचे कीर्तन रंगले. ते कुटुंब मांडवाबाहेर उभे होते आणि काला त्यांच्या हातावर पडला नाही.

यात सरकार कुठेच नव्हते. कोणी कोणावर हात उगारला नाही. दुकानदाराने फक्त माल दिला नाही, शेजाऱ्याने फक्त बोलणे सोडले. नातवाच्या हिशेबाने सगळेच आपापल्या जागी मोकळे.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नातू म्हणतो, माल नाकारायचे स्वातंत्र्य हवेच. एकट्या दुकानदाराला हवे, मान्य. पण सारा गाव ठरवून नाकारतो तेव्हा ते पंचांचे राज्य होते, आणि त्या राज्यात दाद मागायला जागा नसते. माळ उतरवणाऱ्यालाही विहिरीवर पाणी मिळाले, तरच माळ आपखुशीची. म्हणून या एका ठिकाणी मला सरकार हवे आहे.

कापसाची गोष्ट नातवाला सांगितली. काल्याची अजून सांगितली नाही. त्या दिवशी टाळकरी माझ्याच मागे उभे होते. मी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.