नेमाचे श्रवण

परधर्मीयांच्या उपासनेचे संगीत केवळ रंजनासाठी ऐकणे योग्य काय, असा प्रश्न आम्हांस एका स्नेह्याने घातला. योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लायप्झिग येथे सेंट थॉमस चर्चचा संगीतप्रमुख झाला आणि पहिली काही वर्षे बहुतेक दर रविवारी, त्या दिवसाच्या शास्त्रपाठास अनुसरून, कँटाटा नामक नवी रचना गाववीत गेला. अशा सुमारे २०० उरल्या आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मात्र त्या बंद असत. ते मौनही उपासनाच होती.

जपानच्या मासाकी सुझुकी यांनी १९९५ ते २०१३ या काळात त्या साऱ्या ध्वनिमुद्रित केल्या. आता एका बैठकीत हव्या तितक्या ऐकाव्यात! आमचा आक्षेप नेमका येथे आहे. श्रद्धा आपली नसली तरी मर्यादा पाळता येते. मंगेशीची पालखी सोमवारी निघते. ती रोज निघू लागली तर सोमवार उरेल काय?

म्हणून आमची शिफारस अशी, की रविवारी त्या दिवसाची एकच रचना, अर्थ वाचून ऐकावी. १७३१ सालची १४० व्या क्रमांकाची रचना ज्या रविवारासाठी आहे, तो ईस्टर फार लवकर आला तरच उगवतो. तिच्यापुरता हा नेम आम्ही अनेकदा मोडला आहे, आणि प्रत्येक वेळी खिडकी लावून घेतली आहे.