निमित्त आणि कर्तृत्व

‘मी केवळ निमित्त झालों’ हें वाक्य आपल्याकडे दोन प्रसंगीं ऐकूं येतें. काम चांगलें झालें असतां विनयानें, आणि बिघडलें असतां अंग काढून घेण्यासाठीं. एकाच शब्दानें श्रेयही नाकारतां यावें व दोषही टाळतां यावा, ही सोय इतकी मोठी आहे कीं त्या शब्दाची एकदां झडती घेणें अवश्य वाटतें. नैयायिकांनीं घटाच्या उत्पत्तींत कुंभार, चाक आणि दंड या सर्वांस निमित्तकारण म्हटलें. पण कुंभार व काठी एका पंक्तीला बसविल्यामुळें आपला प्रश्न तेथें सुटत नाहीं.

या प्रश्नावर रसायनशास्त्र एक अनपेक्षित साक्ष देतें. सिलिकोन रबराच्या मुळाशीं सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक ओंवलेल्या लांब साखळ्या असतात, आणि प्रत्येक सिलिकॉनला मिथिलाचे दोन गट लटकलेले असतात. अशा असंख्य साखळ्या एकत्र आल्या तरी तो नुसता चिकट गोळा. दाबला तर पसरतो, मूळ आकाराला येत नाहीं. साखळ्यांमध्यें ठिकठिकाणीं आडवे सांधे पडले म्हणजेच त्याचें रबर होतें. त्यासाठीं कणकेंत मीठ घालावें तसें थोडें पेरॉक्साइड मळून गोळा तापवितात. उष्णतेनें पेरॉक्साइडचा रेणू दुभंगतो. त्याचे दोन अतृप्त तुकडे शेजारच्या साखळ्यांवरील मिथिलांतून एकेक हायड्रोजन हिरावून घेतात, आणि उघडे पडलेले दोन कार्बन एकमेकांस बिलगतात.

या पेरॉक्साइडला प्रारंभक म्हणण्याचा प्रघात आहे. तें नांव फसवें आहे. इतर पुष्कळ क्रियांत प्रारंभक एक ठिणगी टाकतो व हजारों रेणू आपले आपण जुळत जातात; येथें साध्या मिथिलयुक्त साखळ्यांत एका रेणूच्या मोबदल्यांत फार तर एक सांधा. पेरॉक्साइड कमी पडलें तर चिकटपणा राहतो, अति झालें तर रबर ताठर व ठिसूळ होतें. ज्याच्या मापावर कार्याचें रूप ठरतें त्याला ‘निमित्तमात्र’ म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं.

उलट, साखळींत शेंकडों दुव्यांमागें एखादा व्हिनिल गट बसविला तर तितकेच सांधे पुष्कळ कमी पेरॉक्साइडांत साधतात. उपादानाची सिद्धता वाढली कीं निमित्ताचा वांटा घटतो. चिथावणीखोर भाषणानें दंगा झाला तर वक्त्याचा दोष किती व आधींच धुमसणाऱ्या जमावाचा किती, हा वाद याच जातीचा. न्यायाधीशाच्या हातीं तराजू नसतो, इतकेंच.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढें आहे. पेरॉक्साइड खर्ची पडतें, पण नाहींसें होत नाहीं. त्याच्या कांहीं जातींचे अवशेष आम्ल असतात व रबराच्या पोटांत राहतात. पुढें तें रबर बंदिस्त जागीं फार तापलें, तर हेंच आम्ल मूळ साखळी तोडूं लागतें. ज्यानें जोडलें त्याचाच उरलेला अंश मोडतो! म्हणून कारखान्यांत माल सांच्यांतून काढल्यावर, खेळत्या हवेच्या भट्टींत सुमारें २०० अंश सेल्सिअसवर कित्येक तास ठेवून तो अंश घालवितात. संस्था उभी राहिल्यावरही बाजूला न होणाऱ्या संस्थापकांची आठवण येथें कोणास झाली, तर माझा इलाज नाहीं.

प्लॅटिनमची रीत निराळी. दहा लाख भागांत पांचदहा भाग एवढ्या प्लॅटिनमवर, सिलिकॉनला जोडलेला हायड्रोजन असलेल्या साखळ्या व्हिनिलयुक्त साखळ्यांशीं जुळतात. आम्ल उरत नाहीं, प्लॅटिनमही खर्ची पडत नाहीं. अलिप्त कर्त्याचा आदर्श सांगणाऱ्यांना हें उदाहरण आवडेल. पण तें फार सोवळें आहे: गंधकाचा किंवा कथिलाच्या संयुगांचा विटाळ झाला कीं काम थांबतें.

फ्रेडरिक किपिंग यांनीं नॉटिंगहॅम येथें सुमारें चार दशकें या संयुगांचा अभ्यास केला. ‘सिलिकोन’ हें नांवही त्यांचेंच. हातीं येणारे चिकट पदार्थ त्यांना उपद्रवच वाटत, आणि त्यांच्या व्यावहारिक उपयोगाची आशा त्यांनीं फारशी धरली नव्हती. १९४० सालीं यूजीन रोशो यांनीं जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत सिलिकोनांचा कच्चा माल बनविण्याची थेट रीत शोधली व उद्योगाचा मार्ग खुला झाला. किपिंग १९४९ सालीं वारले. त्यांना या उद्योगाचे कर्ते म्हणावें कीं निमित्त? त्यांचा वांटा पेरॉक्साइडप्रमाणें तोलून दाखवितां आला असता, तर उत्तर देणें सोपें होतें.