नवे फादर आल्यावर बघू



आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली की आपण प्रतीक्षेविषयी बोलू लागतो. २०२४ साली आपल्या मुंबई महाधर्मप्रांतात ही प्रतीक्षा दुहेरी होती. ३० नोव्हेंबरला, शनिवारी, पोप फ्रान्सिस यांनी पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना मुंबईचे कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप नेमले. कोअ‍ॅडज्युटर म्हणजे सध्याच्या आर्चबिशपांना साहाय्य करणारे आणि पुढे त्यांच्या जागी येणारे. दुसऱ्याच दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता. कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस अजून पदावर होते, आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. पुढे २५ जानेवारी २०२५ रोजी त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि नव्या आर्चबिशपांनी सूत्रे हाती घेतली. म्हणजे तो सबंध आगमनकाळ आपण एका 'जाणाऱ्या' आणि एका 'येणाऱ्या' मेंढपाळाबरोबर काढला.

त्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात काय काय कानावर आले ते आठवते. कोणाला वाटत होते, आता तरुण आर्चबिशप येणार, मराठी मिस्साला बरे दिवस येतील. कोणी म्हणाले, गावठाणातल्या क्रुसांचा प्रश्न मार्गी लागेल. एकाने तर पार्किंगचाही विषय काढला! हसू आले, पण मनात एक प्रश्नही उभा राहिला. आपण ज्याला आगमनकाळातली आशा म्हणतो, ती हीच का?

या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या चुकीत सापडते. चूक माझीच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरूंची बदली झाली आणि नवे फादर यायला थोडे दिवस होते. मी आमच्या छोट्या समूहाचा कारभार पाहत असे. त्या दिवसांत आमचे सर्वांचे एकच वाक्य झाले होते, 'नवे फादर आल्यावर बघू.' बैठक? नवे फादर आल्यावर बघू. आजाऱ्यांच्या भेटी? बघू. आमच्या चाळीत एक अंथरुणाला खिळलेल्या मावशी होत्या. त्यांना दर रविवारी ख्रिस्तप्रसाद नेला जाई. तो नेणारे प्रापंचिक सेवक होते, त्यांना तशी अनुज्ञाही होती, आणि सहायक धर्मगुरू तर चर्चमध्येच होते. पण यादी कोणी करायची, कोणाला विचारायचे, या घोळात तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी ओशाळून भेटायला गेलो. मावशी म्हणाल्या, "फादर गेले तं देव पन सुटीवर गेला काय रं?"

मी काय उत्तर देणार!

तेव्हापासून मार्कच्या शुभवर्तमानातला तेराव्या अध्यायातला दाखला मला वेगळा ऐकू येतो. धनी परगावी जातो. जाताना तो प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. आपण नेहमी 'जागे राहा' एवढेच लक्षात ठेवतो. पण दाखल्यातले घर धन्याविना चालले आहे, आणि ते चालावे म्हणूनच कामे वाटून दिली आहेत. धनी आल्यावर बघू, असे म्हणणारा चाकर दाखल्यात नाही. तो आमच्या समूहात होता.

नव्या माणसाकडून अपेक्षा ठेवणे पाप आहे, असे मला म्हणायचे नाही. चांगल्या मेंढपाळासाठी प्रार्थना करणे आपले कर्तव्यच आहे. पण अपेक्षेला एक खोड असते. ती आपली कामाची यादी दुसऱ्याच्या हातात ठेवते आणि आपण हात झटकून मोकळे होतो. मग सहा महिन्यांनी त्याच माणसाविषयी आवारात कुरकुर सुरू होते. येणाऱ्या फादरांना आपण हार घालतो, आणि हाराखाली ती यादी असते. बिचारे पहिल्याच दिवशी कर्जबाजारी!

शिवाय आपला आनंद कोणाच्या तरी निरोपातून येतो, हे आपण विसरतो. बिशप रॉड्रिग्ज २०२३ मध्ये पुण्याला गेले होते. पुरती दोन वर्षे होण्याआधीच पुणेकरांना त्यांचा निरोप घ्यावा लागला. आपण आगमनाचे गीत गात होतो, तेव्हा तिकडे पुन्हा नवी प्रतीक्षा सुरू झाली होती.

आपल्याच महाधर्मप्रांताच्या इतिहासात एक पान आहे, ते आगमनकाळात आवर्जून वाचावे असे आहे. १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत असे ठरले होते. पहिली पाळी आर्चबिशप लिमा यांची, ते पोर्तुगीज. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स आले, ते इंग्रज. त्यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज यायचे होते. देश स्वतंत्र होऊ घातला होता, आणि इथल्या ख्रिस्तसभेचा मेंढपाळ मात्र लिस्बन आणि लंडनच्या हिशेबाने ठरणार होता. रॉबर्ट्स यांना ते पटेना. १९४६ मध्ये वलेरियन ग्रेशस यांचा सहायक बिशप म्हणून अभिषेक झाला. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईपासून दूर राहिले. पद नावाला त्यांच्याकडेच होते. पोर्तुगालशी बोलणी होऊन तो जुना हक्क संपला आणि १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले, तोवर जवळजवळ चार वर्षे असेच चालले. १९५३ मध्ये तेच पहिले भारतीय कार्डिनल झाले.

मेंढपाळाने कळप सोडून दूर राहावे का, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. मलाही तो पडतो. मला वाटते, दूर राहणे योग्य होते, कारण ते स्वतःच्या सोयीसाठी नव्हते. खुर्ची रिकामी ठेवल्याशिवाय तिथे दुसरा बसणार नाही, हे त्यांनी ओळखले. योहान बाप्तिस्त्याने येणाऱ्याची वाढ व्हावी म्हणून स्वतः मागे सरणे पत्करले, त्याच जातीची ही गोष्ट आहे. ज्याला अधिकार आहे त्याची आशा अशी असते. ती त्याला काहीतरी सोडायला लावते. पुढे १९५४ मध्ये रॉबर्ट्स यांनी अधिकाराचा वापर आणि गैरवापर या विषयावर पुस्तकच लिहिले.

आणि ज्यांना अधिकार नाही त्यांचे काय? त्याच १९२८ साली दमण धर्मप्रांत बरखास्त झाला आणि आपल्या साष्टीतली गावे मुंबईला जोडली गेली. अंधेरीजवळच्या मरोळ गावात तेव्हा आठ वर्षांचा एक मुलगा होता. बिशप बदलले, पाट्या बदलल्या, वादही झाले असतील. त्या घरांतली संध्याकाळची रोजरी मात्र कोणत्या बिशपांच्या हुकमाने सुरू झाली नव्हती, आणि बिशप बदलले म्हणून थांबायचे तिला कारण नव्हते. तो मुलगा म्हणजे सायमन पिमेंटा. १९७८ मध्ये वलेरियन ग्रेशस यांच्या पश्चात ते मुंबईचे आर्चबिशप झाले, पुढे कार्डिनलही. १९२८ मध्ये मरोळकर नव्या आर्चबिशपांची वाट पाहत असतील. पण पन्नास वर्षांनंतरचे आर्चबिशप त्यांच्याच गल्लीत खेळत होते, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

हे लिहिताना पुन्हा त्या मावशींची आठवण होते. नवे फादर आले त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना मावशींकडे घेऊन गेलो. तोवर ख्रिस्तप्रसाद सुरू झाला होता, त्यामुळे मला मान वर करून उभे राहता आले. मावशींनी त्यांना निरखून पाहिले आणि विचारले, "किती वर्सं हात हितं, फादर?"

फादर हसून म्हणाले, "वरून हुकूम येईपर्यंत, आजी."

"मी पन," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना बसायला खुर्ची द्यायला सांगितली.